सही नाही म्हणजे दिलं नाही

९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पाया पडते असं लिहिणार होते, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घे. भावोजींनाही सांग. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांची बस तीच आहे, रस्ता तोच आहे आणि खोकलाही तोच आहे.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून भावोजी फोन स्पीकरवर टाकतात, मग आपण दोघींनी बोलायचं काय? मी नुसतं 'हो, बरं' करत राहते आणि ते मधूनच तिकडचं हवामान सांगतात. पत्रात कसं, मधे कुणी बोलत नाही.

मुख्य बातमी अशी की या वयात तुझी बारकी परीक्षेला बसतेय. आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रन उन्हाळ्यात निवृत्त होतात. ती खुर्ची हवी तर खात्याची परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती आता कॉम्प्युटरवर घेतात. नर्सिंगचा भाग मला झोपेतून उठवून विचारला तरी येईल. पण अर्धा पेपर कॉम्प्युटर, इंटरनेट आणि अंतराळ तंत्रज्ञान यांचा. मी क्लासच्या सरांना विचारलं, "अहो, नर्सला अंतराळाचं काय काम?" ते म्हणाले, "मॅडम, सिलॅबसमध्ये आहे." उद्या एखादा पेशंट कॉटवरून तरंगू लागलाच तर आपली तयारी असावी, एवढंच.

अभ्यास स्वयंपाकघरात चालतो. हे आरशासमोर दाढी करतात आणि पुस्तक नळावर टेकवून मला प्रश्न विचारतात.

"रॅम म्हणजे काय?"

"कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी. वीज गेली की त्यातलं सगळं पुसलं जातं. म्हणून काम वेळच्या वेळी सेव्ह करायचं."

"एका बाइटमध्ये बिट किती?"

"आठ."

"भूस्थिर उपग्रह?"

"सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचावर, विषुववृत्ताच्या वर. पृथ्वी स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ घेते तेवढ्याच वेळात तोही एक फेरी मारतो, म्हणून खालून बघणाऱ्याला तो जागचा हललेलाच दिसत नाही."

मग मी स्वतःहूनच सांगितलं की, मोबाइल आपल्याला जागा दाखवतो तेव्हा त्याला किमान चार उपग्रहांची मदत लागते. हे म्हणाले, "चार कशाला?" मी म्हटलं, "तुम्हाला चार माणसांना विचारूनही माझ्या मैत्रिणीचं घर सापडलं नव्हतं. उपग्रह तुमच्यापेक्षा बरे." त्या दिवशी माझा अभ्यास तिथेच संपला.

क्लास सायकलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आहे. मला सोडलं तर सगळी पोरंपोरी. तिथल्या सराव परीक्षांचं मात्र अजून जमत नाही. तोंडी सगळं येतं, मशीनपुढे बसलं की घोळ होतो. वय झालं, दुसरं काय. होईल सवय.

जाता जाता एक विचारते, सहजच. आईचं विसरणं नेमकं कसं सुरू झालं होतं गं? अगदी पहिल्यांदा तुझ्या काय लक्षात आलं होतं? आमच्या वॉर्डात तसा एक पेशंट आलाय. त्याच्या मुलीला सांगायला बरं पडेल.

तुझी बारकी
(वजनकाट्याला हे नाव मान्य नाही)


२८ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. इतकं सविस्तर लिहिलंस, बोटं दुखली असतील. भावोजींच्या मोतीबिंदूचं वाचलं. ऑपरेशन साधं आहे, घाबरायचं कारण नाही. थेंब टाकायला विसरू देऊ नकोस. ह्यांची ड्यूटी आता सकाळची झालीय. कुंडीतला गुलाब वाळला.

तू आईच्या दाराचं लिहिलंस ते मला माहीतच नव्हतं. दार सताड उघडं, आणि आई भांडतेय की मी आताच कडी लावली. खोटं बोलत नव्हती, तिला स्वतःचा हात कडी लावताना दिसत होता, असं तू लिहिलंस. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

ताई, वॉर्डात तसा पेशंट नाही.

सराव परीक्षेत असं होतं. प्रश्न येतो, खाली चार उत्तरं, प्रत्येकापुढे एक गोल. बरोबर उत्तराच्या गोलात मी ठिपका देते. बाजूला प्रश्नांच्या नंबरांच्या छोट्या चौकटी असतात. एकेक प्रश्न झाला की एकेक चौकट लाल होत जाते. शेवटपर्यंत सगळ्या लाल झालेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघते. आणि निकाल येतो तेव्हा बहुतेक प्रश्नांपुढे लिहिलेलं असतं, 'उत्तर दिलेले नाही'. पहिल्यांदा वाटलं मशीन बिघडलंय. जागा बदलून दुसऱ्या मशीनवर बसले. तिथेही तेच. माझ्या शेजारच्या मुलीला त्याच मशीनवर झकास मार्क पडतात. परवा मी मधेच मागच्या प्रश्नावर जाऊन पाहिलं. ब्राउझर म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर मी नुकतंच दिलं होतं. माझं बोट मला आठवत होतं. गोल रिकामा होता. सरांना काही न सांगता मी उठून आले.

सर चांगले आहेत. "मॅडम, तुम्ही घाबरून प्रश्न सोडून देता, धीर धरा," असं म्हणतात. मी सोडत नाही, ताई. पण हे त्यांना कसं सांगू? आईही असंच सांगायची.

आता खरं ते लिहिते. मला मेट्रनची खुर्ची गेली तरी चालेल. मला भीती वॉर्डाची आहे. जिला आपण एक ठिपका दिला की नाही हे कळत नाही, तिने पेशंटला इंजेक्शन द्यावं का? गेला आठवडाभर मी औषधांच्या ट्रॉलीला हात लावलेला नाही. मी चार्ट वाचते, वॉर्डातल्या नव्या मुली औषध देतात. त्यांना वाटतं मी त्यांना तयार करतेय. मेट्रनना मी विचारून ठेवलंय की मला चादरी-कपड्यांच्या स्टोअरला घेता येईल का. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. चादर चुकली तर कुणी मरत नाही, एवढाच माझा हिशोब.

ह्यांना काही सांगितलेलं नाही. गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे जातेय, आमच्या हॉस्पिटलात नाही, दुसरीकडे, जिथे मला कुणी ओळखत नाही. तोपर्यंत फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी रडेन, आणि स्पीकरवर मला रडायचं नाही.

बारकी


१६ फेब्रुवारी

माझी ताई,

भावोजींनी सांगितलं असेलच, तरी आधी शेवट सांगते, मग बाकीचं सावकाश वाच. मला काहीही झालेलं नाही. पुन्हा लिहिते, कारण मलाच लिहायला छान वाटतंय. मला काहीही झालेलं नाही. आता एक घोट पाणी पी.

डॉक्टरांकडे जाऊन आले. तरुण माणूस, टापटीप. त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात कमी करत मागे यायला लावलं. मी सगळं केलं. वर घड्याळात सेकंदाचा काटाही काढून दिला. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्याही ठीक. ते म्हणाले, "सिस्टर, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे." मी घरी आले आणि मला एवढंसुद्धा हायसं वाटलं नाही. आईलाही पहिल्या वर्षी डॉक्टरांनी काही झालं नाही असंच सांगितलं होतं ना? डॉक्टर म्हणतोय ठीक, मशीन म्हणतंय ठीक नाही, आणि मी मशीनवर विश्वास ठेवला. मशीनला माझी दया येण्याचं कारण नव्हतं.

मग सोमवारी सकाळी गंमत झाली. गंमत आता म्हणते, तेव्हा मी चिडलेले होते.

आमच्या वॉर्डात एक नवी सिस्टर आहे. तिच्या सँडलांमुळे आम्ही तिला टकटक म्हणतो. मुलगी चलाख, पण जीभ पायांपेक्षाही जोरात. कोपऱ्यातल्या कॉटवरच्या आजोबांना सकाळची रक्तदाबाची गोळी द्यायची होती आणि चार्टवरची जागा कोरी. मी तिला बोलावलं.

"गोळी का दिली नाहीस?"

"दिली, सिस्टर."

"सही कुठेय?"

"राहिली. पण दिली, खरंच. आजोबांना विचारा."

आजोबा म्हणाले, "दिली की. कडू होती."

मी तिला तिथेच, सगळ्यांसमोर, चांगलं झापलं. आमच्याकडे नियम आहे, दिलं की तिथल्या तिथे सही. सही नाही म्हणजे दिलं नाही. कारण पुढच्या पाळीची सिस्टर आजोबांना विचारणार नाही, तुझ्या मनातही बघणार नाही, ती चार्ट बघणार. चार्ट कोरा दिसला की दुसरी गोळी देणार, आणि आजोबा जमिनीवर. हे मी इतक्या वर्षांत इतक्या पोरींना ऐकवलंय की तोंडपाठ आहे. "तुझ्या हाताने काय केलं त्याला किंमत नाही, नोंद काय झाली त्याला आहे," असं मी म्हणाले, आणि ताई, माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

टकटक घाबरली. तिला वाटलं मला चक्कर आली. तिने मला स्टुलावर बसवलं आणि माझंच ब्लडप्रेशर घेतलं. मी म्हटलं, "आता त्याची सही कर."

ड्यूटी संपल्यावर घरी न जाता थेट क्लासला गेले. खोलीत कुणी नव्हतं, सर खाली चहाला गेले होते. मशीन सुरू केलं, सराव परीक्षा उघडली आणि या वेळी प्रश्नाकडे न बघता फक्त स्वतःच्या हाताकडे बघितलं, नव्या पोरीच्या हाताकडे मी बघते तसं. हाताने ठिपका दिला. मग तो सरळ बाजूच्या पुढच्या नंबराच्या चौकटीवर गेला आणि तिथे दाबलं. पुढचा प्रश्न आला, मागची चौकट लाल झाली. आणि प्रश्नाच्या खाली, माझ्या डोळ्यांदेखत, एक बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, 'जतन करा व पुढे जा'.

ते बटण मी कधी दाबतच नव्हते. कधीमधी चुकून दाबलं गेलं असेल, तेवढीच उत्तरं मोजली जात होती. मी दाबलं. चौकट हिरवी झाली.

खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. हिरवा म्हणजे उत्तर दिलं, लाल म्हणजे प्रश्न पाहिला पण उत्तर दिलं नाही. ते मी वाचलंच नव्हतं, कारण मला वाटलं मला माहीत आहे. आमच्या चार्टवर दिवसाची नोंद निळ्या शाईने, संध्याकाळची हिरव्या आणि रात्रीची लाल शाईने करतात. रात्रपाळी करून पहाटे मी चार्ट वर धरून बघायची. सगळं लाल दिसलं की काम पुरं झालं, आता घरी जायचं. अर्धं आयुष्य लाल बघून मला बरं वाटत आलंय. त्या बिचाऱ्या मशीनला काय ठाऊक?

आणि सर हे सगळं पहिल्याच दिवशी शिकवतात. पहिल्या दिवशी मी डबल ड्यूटीवर होते.

रॅममधलं सेव्ह केलं नाही तर पुसलं जातं, हे मी ह्यांना नळापाशी उभी राहून घडाघडा सांगत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. साप साप म्हणून भुई धोपटत होते, ताई, आणि भुई म्हणजे माझंच डोकं. मी त्या रिकाम्या खोलीत बसून इतकी हसले की सर चहा टाकून वर धावत आले. मग मी रडायला लागले. त्यांना काही कळेना. ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "मॅडम, अजून वेळ आहे, अभ्यास होईल." मी म्हटलं, "सर, अभ्यास झालाय. फक्त सही राहिली होती."

रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं, डॉक्टरांचंसुद्धा. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही गाडी चालवता. पन्नास माणसं मागे बसलेली असतात." ते म्हणाले, "आणि तुझ्या मागे कोण बसणार होतं?" असं बोलायची त्यांना सवय नाही. लगेच उठून भांडी घासायला लागले.

मंगळवारपासून मी ट्रॉली हातात घेतलीय. पहिल्या इंजेक्शनाआधी चार्ट तीनदा वाचला, दुसऱ्याआधी एकदाच. स्टोअरचं मी मेट्रनना पुन्हा सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "कुठलं स्टोअर?" त्यांच्या लक्षातच नव्हतं. मी म्हटलं, काही नाही. परीक्षा शुक्रवारी झाली. प्रत्येक उत्तराला खालचं बटण दाबलं, इतकं जोरात की शेजारच्या माणसाने दोनदा वळून पाहिलं. निकाल तिथेच पडद्यावर येतो. पास झाले. अंतराळात पैकीच्या पैकी, नर्सिंगमध्ये दोन चुकले. हे कुणाला सांगू नकोस.

आता तुझ्याबद्दल.

माझ्या दुसऱ्या पत्राला तू चारच ओळी लिहिल्यास. 'पत्र मिळालं. फोन करणार नाही. वेळेवर जेव. तुला निळा रंग अजून आवडतो ना?' मला वाटलं, मी एवढं लिहिलं आणि ही रंग काय विचारतेय. खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. परवा तू बाजारात गेली होतीस तेव्हा मी निकाल सांगायला फोन केला आणि भावोजींनी घेतला. मला काही झालेलं नाही हे ऐकल्यावर त्यांचा आवाज एकदम सैल झाला, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्यांना ओरडू नकोस. माझं पत्र वाचल्यावर तू उठलीस आणि आईची खोली रिकामी करायला घेतलीस म्हणे. ट्रंका हलवल्यास, कॉट खिडकीपाशी ओढलीस, कमरेचा पट्टा बांधून. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलास. निळे पडदे शिवलेस. भावोजी म्हणाले, "मी तिला म्हटलं, अजून रिपोर्ट यायचाय. तर ती म्हणाली, रिपोर्ट येईल तेव्हा येईल, पोरीला आल्या आल्या अंथरूण तयार पाहिजे."

ताई, तो भूस्थिर उपग्रह मी पाठ केला तेव्हा माझ्या मनात तूच आली होतीस. आईची ती सगळी वर्षं आम्ही यायचो, जायचो, आणि तू जागची हलत नाहीस असं आम्हाला वाटायचं. तू अख्खा वेळ तिच्याभोवती फिरत होतीस. आणि तेच पुन्हा माझ्यासाठी करायला निघालीस, 'मला आता जमणार नाही' असा एक शब्द न काढता. मी भीतीने तुझ्यापासून लपत होते आणि तू माझ्यासाठी पडदे मोजत होतीस.

ते पडदे काढू नकोस. दांडाही राहू दे, माझ्या गुडघ्यांना उपयोगी पडेल. भावोजींच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं आहेच, त्यांचे थेंब मी टाकीन, तू झोप काढ. रजा मंजूर झालीय. एकवीस तारखेला येतेय, स्टेशनवर कुणी येऊ नका, मला रस्ता माहीत आहे. मी त्याच खोलीत झोपेन, खिडकीपाशी. सकाळी तुझ्याआधी उठून चहा करीन. आणि रजा संपली की बॅग उचलून, तुझं नाव घेऊन हाक मारून, दाराला कडी लावून परत जाईन. त्या खोलीतून कुणीतरी असं आपल्या पायांनी परत गेलेलं तुला एकदा बघायला मिळायला हवं.

आणि पुढे कधी खरंच काही झालं, तर पेशंटचं नाव पुढे करणार नाही. पहिल्यांदा तुलाच सांगीन.

हे सगळं लिहून दिलंय आणि खाली सही करतेय, म्हणजे झालं असं समज.

तुझी
बारकी